मशीनवर कोण आहे?

खिळेवाल्याला झोप येत नव्हती असं नाही. झोप भरपूर यायची. फक्त ती जेवताना यायची, केस कापून घेताना यायची, आणि एकदा तर बायको स्वतःच्या भावाचं आजारपण सांगत असताना आली, ज्याचं उट्टं तिने पुढे आठवडाभर काढलं. पलंगावर आडवा झाला की मात्र तीच झोप दारातून परत जायची, आणि त्याची तळमळ बघून कंटाळा आला की केव्हातरी मागल्या दाराने येऊन थोडा वेळ टेकायची.

गल्लीत त्याला खिळेवाला म्हणत, कारण तो खिळ्यांच्या कारखान्यात मशीन चालवायचा. तारेचं भेंडोळं एका बाजूने आत जायचं, दुसऱ्या बाजूने खिळे बाहेर पडायचे, आणि मधे जो आवाज व्हायचा त्याबद्दल न बोललेलंच बरं. बोललं तरी तिथे कोणाला ऐकू येत नसे. एक आठवडा पहिली पाळी, दुसरा आठवडा दुपारची, तिसरा आठवडा रात्रपाळी, की पुन्हा पहिली. एखादी पाळी जरा कुठे अंगवळणी पडते आहे तोवर आठवडा बदलायचा. अशी कित्येक वर्षं काढल्यावर त्याच्या डोक्यात दिवस आणि रात्र यांचा पार गुंता होऊन बसला होता.

मागे एकदा तो संध्याकाळी दचकून उठला. खिडकीत फिकट उजेड बघून सकाळ झाली असं समजला. घाईघाईने दाढी केली, बूट चढवले आणि डबा मागितला.

"कुठे निघालात?" बायकोने विचारलं.

"पहिल्या पाळीला."

"अहो, आज सुट्टी आहे तुमची. आणि संध्याकाळ झालीय."

बूट काढता काढता त्याला रडू फुटलं. का, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. बायकोने चहाचं आधण ठेवलं आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं.

रडणं एक वेळ चालतं, रडणारा माणूस कोणाच्या वाटेला जात नाही. पण रागाचंही तसंच होऊन बसलं होतं. पूर्वी त्याला राग यायचा तो काहीतरी कारणाने. आता राग आधी यायचा आणि कारण मागाहून शोधावं लागायचं. रात्रपाळीच्या एका आठवड्यात, भर दुपारी, त्याच्या मुलीच्या हातून स्वयंपाकघरात एक झाकण पडलं. झाकणच ते, पडलं की वाजणारच. हा खोलीतून बाहेर आला आणि त्याने असा काही आवाज चढवला की खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने मशीन थांबवलं. त्याने मुलीला हात लावला नाही. पण ती भिंतीला पाठ लावून जशी उभी राहिली, ते त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना.

मुलीला घरात चिमणी म्हणत. दात यायच्या आधी तिचं बोलणं सुरू झालं होतं, आणि एकदा सुरू झालं ते झोपेपर्यंत थांबायचं नाही, म्हणून हे नाव. ती चिमणी त्या झाकणापासून कुजबुजायला लागली. सगळं घरच हाताची घडी, तोंडावर बोट करून बसलं. हा घरात शिरला की बोलणं अर्ध्यावर तुटायचं. भांडी सुद्धा जपून ठेवली जायची. कधी कधी तर मायलेकी एकमेकींना हातांनी काहीतरी सांगत असायच्या आणि याने मान वळवली की दोघींचे हात खाली जायचे. माणसाची झोप तुटली की सुतावरून स्वर्ग गाठायला वेळ लागत नाही. त्याने मनाशी पक्कं केलं की घर आपल्याला भितं, आणि आपण घरात नसू तेव्हाच या दोघी मोकळा श्वास घेत असणार.

हातांनी बोलणं त्याला नवं नव्हतं. कारखान्यात दुसरं बोलणंच नव्हतं. साहेब येतोय हे सांगायला कानाची पाळी ओढायची, कारण साहेबांचे कान होतेच तसे. तार संपली की मूठ उघडून दाखवायची. आणि चहाला जायचं असेल, किंवा उभ्या उभ्या डोळे मिटायला लागले असतील, तर शेजारच्या मशीनवाल्याकडे वळून दोन बोटं आपल्या डोळ्यांना लावायची आणि मग ती आपल्या मशीनकडे न्यायची. म्हणजे, माझ्या मशीनवर कोण आहे, लक्ष ठेवतोस ना? शेजाऱ्याने सपाट तळवा आपल्या छातीवर दोनदा थोपटायचा. म्हणजे, मी आहे. तो तळवा पाहिल्याशिवाय कोणी मशीन सोडायचं नाही, हा त्यांचा आपापसातला कायदा. कोणी लिहिलेला नव्हता, पण मोडलेलाही कोणाला आठवत नव्हता. चिमणी लहान असताना सुट्टीच्या दिवशी तो तिला मांडीवर घेऊन या सगळ्या खुणा करून दाखवायचा आणि ती खिदळायची. आता ते दिवस त्याला दुसऱ्याच कोणाचे वाटायचे.

अशात एक दिवस साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. साहेब म्हणजे त्यांच्या विभागाचे सुपरवायझर, माणूस वाईट नव्हता, फक्त त्यांना वाटायचं की प्रत्येक दुखण्याला एखादी खोली असते.

"रात्रपाळी कायमची घेतोस का?" साहेब म्हणाले. "पाळी बदलायची कटकट नाही. आवाराच्या मागे नवी बराक बांधलीय, रात्रपाळीवाल्यांना झोपायला. काळे पडदे, जाड भिंती. तिथेच राहायचं, सुट्टीला घरी जायचं. आठवडाभर राहून बघ आणि सोमवारी सांग."

तो हो म्हणाला. बायकोला सांगितलं तेव्हा तिने पोळपाट पुसत नुसतं विचारलं, "तुम्हाला बरं वाटेल का तिथे?" त्याला वाटलं, ही जाऊ नका म्हणत नाही. म्हणजे सुटल्यासारखंच वाटत असणार. चिमणी दारात उभी राहून बोटाने चौकट खरवडत होती. 

बराकीत खरोखरच शांतता होती. इतकी, की शेजारच्या खाटेवरच्या माणसाने पापणी हलवली तरी ऐकू यावं. ती खाट पैलवानची होती. पैलवान म्हणजे याच्या शेजारच्या मशीनवरचा, याचा जुना दोस्त. अंगाने एवढा किरकोळ की दुसरं कुठलं नाव देणं शक्यच नव्हतं. पैलवान पडल्या पडल्या डाराडूर झोपायचा. खिळेवाला मात्र डोळा लागतो न लागतो तोच घामाघूम होऊन उठून बसायचा. पुन्हा पडायचा, पुन्हा उठायचा. घरी जी काही तुटकीमुटकी झोप मिळत होती तिचंही इथे खोबरं झालं. चौथ्या दिवशी मशीनवर उभा असताना त्याचा हात तारेच्या इतका जवळ गेला की पैलवानने त्याला मागून कॉलर धरून ओढलं.

"अरे, काय चाललंय तुझं?" जेवणाच्या सुट्टीत पैलवान म्हणाला. "काल दुपारी पाणी प्यायला उठलो तर तू झोपेत खुणा करत होतास. दोन बोटं डोळ्यांना, मग मशीनकडे. मग वाट बघत होतास. मग एकदम दचकून उठलास."

"मनी वसे ते स्वप्नी दिसे," खिळेवाला म्हणाला. "पण घरी असं होत नाही मला."

"घरी होत नसेल कशावरून? झोपलेला माणूस स्वतःला बघतो होय रे?"

खिळेवाल्याने यावर विचार केला नाही. विचार करायला लागणारं डोकं त्याच्याकडे त्या आठवड्यात नव्हतं.

शनिवारी सकाळी तो सुट्टीसाठी घरी निघाला. झोप इथे लागत नाही हे खरं, पण सवयीने लागेल, असं त्याने ठरवून टाकलं होतं. प्रश्न झोपेचा नव्हताच आता. गल्लीत शिरला तर शिंप्याचं मशीन तडतडत होतं. जिना चढायला लागला तर वरून कुकरच्या शिट्टीचा आवाज आला. त्याच्या घरात शिट्टी वाजते हे तो विसरूनच गेला होता. आणि मग त्याला चिमणीचं हसणं ऐकू आलं. कुजबुज नाही, खोखो हसणं, मधे मधे आईचा आवाज, पुन्हा हसणं. तो कठड्याला धरून अर्ध्या जिन्यात उभा राहिला. घर किती छान आहे आपलं, त्याला वाटलं, आपण नसलो की. सोमवारी साहेबांना हो सांगायचं, हे त्याने त्या पायरीवर नक्की केलं. त्याला कोणाचाही राग आला नाही, आणि तेच त्याला जास्त जड गेलं.

त्याने दार ढकललं आणि हसणं थांबलं.

चिमणी पुढे आली, त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही बारीक झालात." बायकोने गरम पाणी काढलं, जेवायला वाढलं.  जेवून तो खोलीत जाऊन पडला. पडदा ओढलेला होता आणि उशीला नवा अभ्रा होता.

डोळे मिटून पडल्या पडल्या त्याला खालून काहीतरी घासत ओढल्याचा आवाज आला. शिंप्याचं मशीन. तडतड एकदम लांब गेली. मग बायकोची पावलं जिन्यावरून खाली गेली आणि गल्लीच्या तोंडाशी भाजीवाल्याची आरोळी अर्ध्यातच बंद पडली. कुकरची शिट्टी वाजायला हवी होती, ती काही वाजली नाही. मग खोलीचं दार बोटभर उघडलं. चिमणी एक छोटं स्टूल घेऊन आत आली, भिंतीशी बसली आणि मांडीवर वही घेऊन गणितं सोडवायला लागली. ही इथे कशाला बसली, असं त्याला वाटलं, आणि त्या वाटण्यातच त्याला गुंगी आली.

गुंगीत मशीन सुरू झालं. तार संपत आली होती, त्याचे डोळे मिटत होते आणि शेजारच्या मशीनवर कोणी दिसत नव्हतं. त्याने दोन बोटं डोळ्यांना लावली आणि मशीनकडे नेली. छातीत धडधडायला लागलं. आता दचकून उठणार, हे त्याला झोपेतही कळलं.

आणि अर्धवट उघड्या पापण्यांतून त्याला दिसलं की चिमणीने पेन्सिल तोंडात धरली, त्याच्याकडे झुकली आणि आपला तळवा छातीवर दोनदा थोपटला.

त्याचा हात खाली आला. धडधड थांबली. चिमणीने पेन्सिल तोंडातून काढली आणि पुन्हा गणितात डोकं घातलं. रोजचंच काम केल्यासारखं.

तो आता टक्क जागा होता.

"चिमणे."

ती ताडकन उभी राहिली. "मी आवाज नाही केला, बाबा."

"आवाज नाही गं. हाताने काय केलंस आत्ता?"

"तुम्ही विचारलंत ना, मशीनवर कोण आहे? म्हणून सांगितलं."

"मी विचारलं?"

"रोजच विचारता, रात्रपाळीच्या आठवड्यात. आधी तुम्ही असं करायचात आणि दचकून उठायचात. मग चिडायचात. एकदा मी सहज सांगितलं, मी आहे म्हणून. तर तुम्ही उठलाच नाहीत. कुशीवर वळून झोपलात."

"पण मला दिसतं कसं?"

"तुमचे डोळे अर्धे उघडे असतात. आई म्हणते सशासारखे."

तो उठून बसला.  "मग तू रोज इथे बसतेस? शाळा सुटल्यावर खेळायला कधी जातेस?"

"तुम्ही उठलात की."

"या आठवड्यात तर मजा झाली असेल मग. रोज खेळायला मिळालं असेल."

"हो," चिमणी म्हणाली. मग तिने स्टुलाच्या पायाकडे बघत विचारलं, "पण बाबा, तिकडे मशीनवर कोण होतं?"

तो पलंगाच्या कडेला सरकला. इतके दिवस जे विचारायला तो घाबरत होता ते त्याने विचारलं.

"तुला माझी भीती वाटते का गं?"

चिमणीने नीट विचार केला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "अर्धवट झोपेतून उठलात की वाटते. पूर्ण झोपलात की नाही वाटत," ती म्हणाली. "म्हणून तर बसते."

बायको दारात येऊन उभी होती. तिच्या ओल्या हातात कुकरची शिट्टी होती. तो झोपला की शिट्टी काढून ठेवून, वर साधं झाकण टाकून ती भात शिजवत असे, हे त्याला त्या दिवशी कळलं.

"तू मला सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"काय सांगणार? तुमच्या झोपेत आम्ही तुमच्या खुणा करतो म्हणून? तुम्हाला वाटलं असतं, आम्ही नकला करतोय तुमच्या. पोरीने मला पण शिकवल्यात सगळ्या. तुम्ही झोपलेले असताना बोलायचं कसं? मग तेच वळण पडलं. तुम्ही जागे असलात तरी हातच पुढे येतो."

"आणि सकाळी जोरात हसत होतात ते?"

"मग काय रडायचं? तुम्ही येणार म्हणून पोरगी पहाटेपासून नाचतेय. माझा अभ्रा पळवून डोक्यावर घेऊन फिरत होती, म्हणून हसत होतो." तिने शिट्टी पदराने पुसली. "जाऊ नका म्हणाले नाही मी. तिथे तुम्हाला झोप लागत असेल तर मी कोण नको म्हणणार? पण आठवडाभर हिने विचारून विचारून भंडावलं मला, की तिकडे कोण आहे बाबांना सांगायला."

 लोकांना आयुष्यात काय काय मिळतं, कोणाला शेत मिळतं, कोणाला मान मिळतो. खिळेवाल्याला झोपेतल्या मशीनवर एक माणूस मिळालं होतं, आणि तो त्या माणसाला टाकून बराकीत निघाला होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. या वेळी का, ते त्याला बरोबर माहीत होतं.

त्या दुपारी तो झोपला. संध्याकाळी उठला तेव्हा सगळ्यात आधी शिंप्याकडे गेला. शिंपी काज करत होता, खिळेवाला दारात घोटाळला आणि म्हणाला, "काका, मशीन मागच्या भिंतीला नेता ना तुम्ही, माझ्यासाठी. तिथे तर उजेड पण नाही. मला माहीतच नव्हतं."

"तुझ्यासाठी कोण नेतंय?" शिंपी चष्म्यावरून बघत म्हणाला. "तुझ्या बायकोच्या जिभेला घाबरून नेतो." मग त्याने शेजारची खुर्ची पायाने पुढे ढकलली. "बस. चहा घेऊन जा. डोळे बरे दिसतायत आज."

भाजीवाल्यालाही तो भेटला. भाजीवाल्याने सांगितलं की या घराखालून जाताना तो न ओरडता नुसता हात वर करतो आणि तरी त्याची भाजी इथे इतर गल्ल्यांपेक्षा जास्त खपते, तेव्हा आभार मानायचे तर त्यानेच मानायला हवेत. कोणीही खिळेवाल्याला धड आभार मानू देईना. घरी येऊन त्याने चिमणीला सांगितलं की तो जागा असताना तिने पोटभर ओरडावं, गावं, भांडी आपटावीत. तिने लगेच एक झाकण खाली टाकून बघितलं. तो दचकला, मग हसला, आणि मग तिघंही हसत सुटले.

सोमवारी साहेबांनी विचारलं, "काय मग? बराक पसंत?"

"नाही साहेब. पाळी बदलतीच राहू द्या."

"अरे, घरी एवढी शांतता मिळणार आहे का तुला?"

"शांतता बराकीतच जास्त आहे, साहेब. पण तिथे मशीनवर कोणी नाही."

"झोपायच्या खोलीत कसलं आलंय मशीन?" साहेब म्हणाले, आणि याला खरंच विश्रांतीची गरज आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. केबिनच्या दारात उभ्या असलेल्या पैलवानला मात्र समजलं. त्याने दुसरीकडे बघत नाक पुसलं.

पाळ्या काही सोप्या झाल्या नाहीत. रात्रपाळी संपून पहिली सुरू झाली की अजूनही दोन दिवस त्याला चमचा कुठे आणि तोंड कुठे ते कळायचं नाही. अजूनही कधी राग कारणाच्या आधी यायचा. पण आता राग आला की तो गॅलरीत जाऊन उभा राहायचा, आणि आत येऊन म्हणायचा, "गेला." चिमणी विचारायची, "नक्की?" आणि घर पुन्हा बोलायला लागायचं.

अशाच एका पहिल्या पाळीच्या आठवड्यात संध्याकाळी तो घरी होता. चिमणी दिवसभर उन्हात खेळून आली होती आणि वही उघडी ठेवूनच पलंगावर झोपली होती. तो दिवा बारीक करायला खोलीत गेला. झोपेत तिच्या कपाळाला आठी पडली. तिचा हात उशीवरून उचलला गेला, दोन बोटं डोळ्यांना लागली आणि पुढे गेली. तिचं कुठलं मशीन चालू होतं कोण जाणे; गणिताचं असेल, खेळाचं असेल, नाहीतर त्याचंच असेल. पापण्या अर्ध्या उघड्या होत्या, सशासारख्या.

खिळेवाला त्या छोट्या स्टुलावर बसला, तिच्या डोळ्यांसमोर झुकला आणि तळवा छातीवर दोनदा थोपटला.

तिची बोटं खाली आली. तिने कूस बदलली आणि आठी गेली.

आतून बायकोने जेवायला हाक मारली. तिने पुन्हा हाक मारली तरी तो उठला नाही. शेवटी ती पदराला हात पुसत दारात आली, त्याला असं स्टुलावर अंग चोरून बसलेलं पाहिलं आणि आपला तळवा छातीवर थोपटला. मग तो जेवायला गेला.